फिल्मच्या जमान्यातली सिग्मा ४०० एफ/५.६ कॅनन आर१० वर चालेल का?

खंड्या_इंदापूर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारतोच. माझ्याकडे कॅनन आर१० (मिररलेस कॅमेरा) आहे, त्यावर १८-१५० झूम आणि ईएफ-ईओएस आर अडॅप्टर (जुन्या ईएफ लेन्स नव्या बॉडीला जोडणारा) लावून एक ५०एमएम एफ/१.८ एसटीएम, बास एवढाच संसार. भिगवण जवळ असल्यामुळे थंडी पडली की कुंभारगावला होडीत बसून फ्लेमिंगो बघायला जाणं ठरलेलं, पण १५० ला फोटोत तो पक्षी म्हणजे गुलाबी ठिपका दिसतो, घरचे विचारतात यात पक्षी कुठाय.

तर वडलांचे एक मित्र आहेत, ते फिल्मवर फोटो काढायचे, ईओएस ५० होता त्यांचा. त्यांच्याकडे सिग्माची ४००एमएम एफ/५.६ एपीओ टेली मॅक्रो पडून आहे, ईएफ माउंट (कॅननची जुनी लेन्स-बॉडी जोडणी), हुड, केस सगळं आहे. ते म्हणतात घेऊन जा, पैशाचं नंतर बघू. लेन्स अजून मी बघितलेली नाही, पुढच्या आठवड्यात जायचंय. आता प्रॉब्लेम असा की माणूस मोठा आहे, प्रेमाने देतोय, आणि घेऊन आल्यावर चालली नाही म्हणून परत द्यायला जायचं म्हणजे लय अवघड काम. त्यामुळे आधीच विचारतो:

ईएफ लेन्स अडॅप्टरवर चालते हे माहितीय, माझी ५० मस्त चालते, मग ही पण चालायला पाहिजे ना? काका म्हणतात शेवटचा रोल टाकला तेव्हा एकदम ओके होती. पण एका ओळखीच्या वेडिंगवाल्याने सांगितलं की जुनी थर्ड पार्टी (कॅननने न बनवलेली) लेन्स नव्या बॉडीला लावू नको, सर्किट जळतं. हे खरंय का? ऑटोफोकस होईल का? आणि तिकडे गेल्यावर नेमकं काय चेक करू?

जुना_रोल

सर्किट जळत नाही, ते डोक्यातून काढून टाक. निर्धास्त लाव.

पण "ईएफ आहे म्हणजे चालणार" हेही पूर्ण खरं नाही, आणि गंमत म्हणजे तुझे काका पण खरं बोलतायत. त्यांच्या ईओएस ५० वर ती लेन्स शंभर टक्के चालत असणार. तुझ्या आर१० वर ती एफ/५.६ ला, म्हणजे ॲपर्चर (उजेड यायचं भोक) पूर्ण उघडं असताना, फोटो काढेल, ऑटोफोकस पण बहुतेक करेल, आणि तू एफ/८ लावून, म्हणजे भोक लहान करून, बटण दाबलंस की कॅमेरा एरर देऊन बसेल. पूर्वीच्या डीएसएलआरवर या प्रकाराला एरर ९९ यायचा, आता एरर ०१ येतो, म्हणजे लेन्सशी बोलणं होत नाहीये, कॉन्टॅक्ट पुसा. लोक बिचारे इरेझर घेऊन कॉन्टॅक्ट घासत बसतात. घासून काही होणार नाही, पितळेचं काही चुकलेलंच नसतं.

कारण असं आहे की कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट काढला तेव्हा बॉडी आणि लेन्समधलं सगळं मेकॅनिकल कनेक्शन काढून टाकलं. लेन्सवर ॲपर्चर रिंग नाही, बॉडीतून ढकलणारी दांडी नाही, फोकस मोटर लेन्समध्ये, ॲपर्चर बंद करणारी मोटर पण लेन्समध्ये, आणि सगळे हुकूम वायरीतून जाणार. तेव्हाच्या मानाने लय पुढचं डिझाईन होतं ते. पण ते हुकूम कोणत्या भाषेत आहेत हे कॅननने बाहेरच्या कंपन्यांना दिलं नाही, त्यामुळे सिग्मावाल्यांनी त्या वेळच्या बॉड्या काय सिग्नल पाठवतात ते बघून बघून आपली चिप बनवली. त्या वेळच्या बॉड्यांवर ती उत्तम चालली. पुढे कॅननने नव्या बॉड्यांमध्ये ॲपर्चर बंद करायचा हुकूम जरा वेगळ्या पद्धतीने पाठवायला सुरुवात केली. कॅननच्या स्वतःच्या लेन्सना दोन्ही प्रकार कळतात, म्हणून १९८७ ची कॅनन लेन्स पण तुझ्या आर१० वर चालेल. सिग्माच्या जुन्या चिपला फक्त जुना प्रकार पाठ आहे. एफ/५.६ ला ती उघडीच असते, काही हलवायचंच नसतं म्हणून फोटो निघतो. एफ/८ म्हणलं की बॉडी हुकूम देते, तिकडून उत्तर येत नाही, एरर.

अडॅप्टरचा यात काडीचा संबंध नाही. ईएफचं अंतर ४४ एमएम, आरएफचं २० एमएम, मधली २४ एमएम भरून काढणारी ती एक पोकळ नळी आहे आणि वायरी इकडून तिकडे नेते, आत काच पण नाही. त्यामुळे महागडा अडॅप्टर आणला तर एरर जाईल असं कोणी सांगितलं तर पैसे घालवू नको.

निकॉन_निवास

इथे एक मजा सांगतो. हीच सेम सिग्मा ४०० निकॉन माउंटमध्ये पण यायची. तिच्यात ॲपर्चर रिंग आहे, मागे दांडी आहे, फोकस बॉडीतल्या मोटरने स्क्रूसारखा फिरतो. म्हणजे सगळा कारभार जुनाट. पण निकॉनच्या डी७२०० ला ती लावली तर सगळं चालतं, सगळी ॲपर्चर, ऑटोफोकससकट. कारण दांडीला भाषा लागत नाही, ढकलली की ती हलते.

आता तीच डी५६०० ला लावा, बॉडीत मोटर नाही त्यामुळे ऑटोफोकस गेला, बाकी ओके. निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीला एफटीझेड अडॅप्टर लावून चढवा, तिथे पण फोकस हातानेच, कारण एफटीझेडमध्ये ॲपर्चरची दांडी हलवायची सोय दिलीये पण फोकसचा स्क्रू फिरवणारी मोटर दिलेली नाही. आमच्याकडचे एएफ-डी (बॉडीच्या मोटरवर फोकस होणाऱ्या जुन्या लेन्स) वाले लोक अजून त्यावरून बोंब मारतात. टोकिनाच्या ११-१६ चं पण तेच, पहिल्या व्हर्जनला निकॉनमध्ये मोटर नव्हती, दुसऱ्या व्हर्जनला आली, आणि सेकंडहँड मार्केटमध्ये दोन्ही एकाच नावाने विकतात.

म्हणजे लेन्स तीच, काच तीच, पण माउंट बदलला की नशीब बदललं. कॅननवाल्यांचं ॲपर्चर जातं, आमचा फोकस जातो.

कोल्हापुरी_शटर

भावा, कशाला या भानगडीत पडतोस. काकांना चहा पाज, पाया पड आणि रिकाम्या हाताने ये. आरएफ १००-४०० घे सरळ. २०२१ ला आलीये, वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आत, आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे, झूम आहे, फोकस लोण्यासारखा. तुझ्या आर१० ला बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही हे विसरू नको. ती सिग्मा म्हणजे बिनाआयएसची ४००, क्रॉपवर (आर१० च्या लहान सेन्सरवर) ६४० सारखी होते, आणि तू होडीत बसणार आहेस. होडी हलते रे.

आणि थर्ड पार्टीच पाहिजे तर आता काळ बदललाय, २०२४ पासून कॅननने सिग्मा आणि टॅमरॉनला क्रॉपच्या आरएफ लेन्ससाठी लायसन्स दिलंय, आता अंदाजपंचे काही नाही. पक्ष्यांच्या लांब लेन्स त्यात सुरुवातीला नव्हत्या ही गोष्ट वेगळी.

खंड्या_इंदापूर

जुना_रोल दादा, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं, आभार.

कोल्हापुरी भावा, १००-४०० चा भाव बघितलाय, घरात सांगितलं तर मलाच बाहेर काढतील. ती पुढे कधीतरी होईल. सध्या प्रश्न एवढाच की फक्त एफ/५.६ वर अडकून पडलं तर पक्ष्यांसाठी काही उपयोग आहे का? यूट्यूबवर सगळे म्हणतात लेन्स एक-दोन स्टॉप खाली आणली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) की शार्प होते.

पाणथळ

उपयोग आहे का म्हणजे काय, ४०० एफ/५.६ घेऊन फिरणारे लोक एफ/५.६ वरच फिरतात. कॅननची स्वतःची ४०० एफ/५.६ एल, १९९३ ची, तीही बिनाआयएसचीच, सव्वा किलोची, उडत्या पक्ष्यांसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वापरली आणि बहुतेक वेळा पूर्ण उघडीच वापरली.

हिशोब बघ. सकाळी नऊ-साडेनऊनंतर भिगवणला कडक ऊन असतं. कडक उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची ताकद) १०० ला एफ/१६ आणि १/१०० हा जुना नियम. तिथून एफ/५.६ ला आलास की तीन स्टॉप उजेड जास्त, म्हणजे १/८००. आयएसओ २०० केलास की १/१६००. उडणाऱ्या फ्लेमिंगोला तेवढा शटर पाहिजेच. म्हणजे तू एफ/८ वर गेला असतास तर उगाच आयएसओ वाढवला असतास. बसलेल्या पक्ष्यालाही १/६४० च्या खाली जाऊ नको असं मी सांगेन, कारण ६४० एमएमसारखा अँगल आहे आणि आयएस नाही, आणि होडीत तर १/१००० च्या खाली नकोच. होडीवाल्याला इंजिन बंद करून बांबूने ढकलायला सांग, पक्षी पण बुजत नाहीत आणि थरथर पण जाते.

डेप्थचं (पुढेमागे किती फोकसमध्ये राहतं त्याचं) म्हणशील तर क्रॉप सेन्सरवर ३० मीटरला सव्वा मीटरच्या आसपास सगळं फोकसमध्ये राहतं. अख्खा फ्लेमिंगो मावतो त्यात. अडचण येते ती जवळच्या पक्ष्याला, दहा मीटरवर खंड्या पक्षी बसलाय तर तेरा सेंटीमीटर फक्त. डोळ्यावर फोकस पडला तर शेपूट सुटेल, सुटू दे, चालतं.

शार्पनेसबद्दल: जुनी एपीओ आहे, उघडी थोडी मऊ असेल, पांढऱ्या पक्ष्याच्या कडेला जांभळी रेघ दिसू शकते. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढ, नंतर एका क्लिकमध्ये जाते ती. आणि बगळे, फ्लेमिंगो यांच्यासाठी एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेव, नाहीतर पिसं सगळी पांढरी फटक. दुपारी मात्र शूट करू नको, पाण्यावरून गरम हवा वर येते, मग दोन लाखाची लेन्स असू दे नाहीतर दोन हजाराची, सगळं लपलपीतच येणार.

मॅक्रोचा भाग मात्र विसर. ही लेन्स १:३ पर्यंत (सेन्सरवर वस्तू खऱ्या आकाराच्या एक-तृतीयांश) जवळ जाते, लांबून फुलपाखरं काढायला भारी, पण तिथे एफ/११ लागतो आणि तो तुला मिळणार नाही.

पडवीतला_प्रयोग

मिळेल की. काळा कागद घ्या.

मस्करी नाही करत. ॲपर्चर म्हणजे शेवटी उजेड यायला केवढं भोक आहे एवढंच. लांब फोकसच्या लेन्सला हे भोक आतल्या ब्लेडनीच लहान करायला पाहिजे असं नाही, समोर लावलं तरी जवळपास तेच काम होतं. ४०० ला ५.६ ने भागा, ७१ एमएम येतं, म्हणून या लेन्सची समोरची काच एवढी मोठी. ४०० भागिले ८ म्हणजे ५० एमएम. जाड काळ्या कार्डपेपरवर ५० एमएम व्यासाचं गोल भोक कापायचं, बाहेरची गोलाई फिल्टरच्या मापाची, या लेन्सला ७७ चा फिल्टर लागतो, आणि एखाद्या भंगार ७७ च्या यूव्ही फिल्टरची काच काढून त्याच्या रिंगमध्ये ते कार्ड बसवायचं. झाला एफ/८. एफ/११ पाहिजे तर ३६ एमएमचं भोक.

कॅमेऱ्याला बॉडीवर ५.६ च सांगायचं. त्याला वाटतं लेन्स उघडी आहे, पण मीटरिंग तर लेन्समधून आलेल्या खऱ्या उजेडावर होतं त्यामुळे एक्स्पोजर आपोआप बरोबर येतं. एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठणाऱ्या माहितीत) ५.६ लिहिलेलं येईल, येऊ दे. डीएसएलआरवर एफ/८ ला ऑटोफोकसची बोंब व्हायची, मिररलेसवर ती भानगड नाही. भोक मधोमध पाहिजे आणि कड स्वच्छ कापलेली पाहिजे, कंपासकटर मिळतो स्टेशनरीत त्याने कापा, कात्रीने कापू नका, बॅकग्राउंडमधले उजेडाचे गोळे वाकडे-चौकोनी दिसतील. कोपरे किंचित काळे होऊ शकतात, क्रॉपवर फारसं जाणवत नाही. वाइड लेन्सवर हा उद्योग करू नका, तिथे थेट कोपरेच कापले जातात.

मी हे एका जुन्या ३०० वर वापरतो, चतुर आणि सरडे काढायला. लोक बघतात हे काय पुठ्ठा लावून फिरतंय, बघू देत.

जुना_रोल

पडवी, मानलं. इतकी वर्षं या विषयावर लोकांना "उघडी वापरा नाहीतर विका" एवढंच सांगत आलो.

खंड्या, बॉडीत काय सेटिंग ठेवायचं ते सांगायचं राहिलं. ऑटो, पी आणि टीव्ही मोड वापरू नको, कारण तिथे ॲपर्चर कॅमेरा ठरवतो आणि ऊन वाढलं की तो स्वतःच एफ/८ वर जाणार आणि एरर येणार, तुला कळणार पण नाही का आला. एव्ही (ॲपर्चर आपण ठरवायचं) मध्ये ५.६ किंवा एम (मॅन्युअल) मध्ये ५.६, शटर तुझा, आयएसओ ऑटो. दुसरा प्रकार पक्ष्यांना बरा. डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यू एखाद्या बटणाला दिला असशील तर काढून टाक, तो दाबला तरी ब्लेड बंद करायचा हुकूम जातो. व्हिडिओत पण मॅन्युअल ठेव. आणि एरर आलाच तर घाबरू नको, बंद करून चालू कर, नाही गेला तर बॅटरी काढून परत घाल. काही बिघडत नाही.

अजून एक, हे बरेच जण विसरतात. मेनूत लेन्स ॲबरेशन करेक्शन आहे, त्यातलं कडेचा अंधार घालवणारं, डिस्टॉर्शनचं, ऑप्टिमायझरचं, सगळं बंद कर. जुन्या सिग्मा लेन्स बॉडीला स्वतःची ओळख सांगताना कुठल्यातरी कॅनन लेन्सचाच नंबर सांगतात. मग कॅमेरा त्या भलत्याच लेन्सचं औषध या लेन्सला देतो आणि जेपीजीमध्ये कडा नको तेवढ्या उजळतात किंवा गोल गोल पट्टे येतात. एक्झिफमध्ये पण कुठल्यातरी कॅनन लेन्सचं नाव दिसेल, ती काही चोरीची नाहीये.

सोल्डर_आणि_चहा

उशिरा आले, पण चिपबद्दल थोडं.

पूर्वी सिग्मा स्वतः अशा लेन्सची चिप बदलून द्यायची, पण इतक्या जुन्या मॉडेलसाठी आता ते पार्ट मिळत नाहीत, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला कुरिअर करायच्या आधी फोन करून विचारा, नाहीतर जाण्यायेण्याचा खर्च अंगावर. कोणी म्हणेल यूएसबी डॉकने फर्मवेअर टाक. तो डॉक २०१२ नंतरच्या आर्ट, कंटेम्पररी, स्पोर्ट्स या लाइनसाठी आहे, त्याआधीच्या लेन्समध्ये बाहेरून फर्मवेअर बदलायची सोयच नाही.

राहिला तिसरा मार्ग. हौशी लोकांनी एक छोटा मायक्रोकंट्रोलर लेन्सच्या आत बॉडी आणि मूळ चिपच्या मध्ये बसवून दाखवलाय, बॉडीने नवा हुकूम पाठवला की तो जुन्या प्रकारात बदलून पुढे ढकलतो, दुभाषी बसवल्यासारखं. तत्त्व सोपं आहे. काम सोपं नाही. मागचा माउंट उघडायचा, केसासारख्या वायरी, जागा नाही, आणि माउंट परत बसवताना जरासं तिरकं बसलं की एका बाजूचा फोकस कायमचा गेला. मी रोज सोल्डरिंग करते आणि तरी दुसऱ्याची, त्यातून प्रेमाने दिलेली लेन्स उघडायला माझा हात धजणार नाही. स्वतःची भंगारात घेतलेली असेल तर खुशाल करा. पुठ्ठा बेस्ट आहे.

मांडवी_काठ

आमच्या गोंयात हा प्रश्न वेगळ्या कारणाने सुटतो, जुनी लेन्स कपाटातून काढली की आतमध्ये बुरशीची जाळी असते, चिपपर्यंत विषय जातच नाही 😄

खरं सांगायचं तर खंड्या, आधी ते बघ. दोन्ही टोपणं काढ, मोबाइलचा टॉर्च मागून मार आणि समोरून तिरकं बघ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी, दुधासारखा पांढुरका पडदा दिसला तर हेझ. चार-दोन धुळीचे कण सोडून दे, त्याने फोटोला काही होत नाही. वरवरची बुरशी साफ होते, पण जास्त दिवस राहिली तर कोटिंग खाऊन काचेवर डाग सोडते, तो मग जात नाही. इंदापूरची हवा कोरडी, तिथे राहिलेली असेल तर चान्स चांगला आहे. बाहेरचं रबरी फिनिश चिकट झालेलं असेल तर ते फक्त हाताला घाण वाटतं, काचेशी संबंध नाही.

आणि मला विचारशील तर जुनी लेन्स घ्यायची तर पूर्ण मुकी घ्यावी. माझ्याकडे हेलिओस ४४-२ (जुनी सोव्हिएत लेन्स) आहे आणि एक टॅमरॉनची ॲडाप्टॉल-२ वाली ९०एमएम एफ/२.५. ॲडाप्टॉलची आयडिया तर काय भारी होती, लेन्स एकच आणि मागचा माउंट बदलून कुठल्याही कंपनीच्या बॉडीला लावा. दोन्हीत एक पण वायर नाही, ॲपर्चर हाताने, फोकस हाताने. मिररलेसवर एवढंच करायचं की मेनूत लेन्सशिवाय शटर चालू करायचं आणि फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावायचं. माझ्या दोन्ही लेन्स कुठल्याही नव्या बॉडीवर अडकत नाहीत कारण त्यांना कोणाशी बोलायचंच नाहीये. घोळ सगळा त्या मधल्या पिढीचा, ८७ ते २००० च्या आसपासचा, ऑटोफोकस आलेला पण भाषा अंदाजाने शिकलेली.

पाणथळ

मांडवी, हेलिओसने उडता फ्लेमिंगो काढून दाखव मग बोलू 😀

मांडवी_काठ

टॅमरॉनची ५०० एफ/८ मिरर लेन्स पण ॲडाप्टॉल-२ मध्येच होती म्हटलं, तिला तर ॲपर्चरच नाही, सतत एफ/८. मागचे सगळे बिंदू मेदूवड्यासारखे दिसतात तेवढं सोडलं तर बसलेल्या बगळ्याला काही वाईट नाही. उडत्याचं राहू दे.

खंड्या_इंदापूर

मंडळी, जाऊन आलो काल. सोबत बॉडी, अडॅप्टर आणि माझी ५० घेऊन गेलो.

टॉर्चने बघितली, धूळ आहे, जाळी नाही. काकांनी दर पावसाळ्यात सिलिका जेल बदललंय, डब्यावर तारखा लिहून ठेवल्यात पेनाने. आधी ५० लावून एफ/८ ला फोटो काढला, ओके, म्हणजे अडॅप्टर बरोबर. मग सिग्मा लावली. ५.६ ला काही अडचण नाही, एफ/८ ला तुम्ही सांगितला तोच एरर, बॅटरी काढून परत घातली की नॉर्मल. ऑटोफोकस होतो पण थांबत थांबत, छोटे छोटे धक्के देत जातो आणि आवाज एवढा की काकूंनी आतून विचारलं मिक्सर कोण लावलाय. दूरच्या झाडावरून एकदम जवळच्या फांदीवर यायला सांगितलं की गडबडतो. मी मग हाताने अंदाजे जवळ आणून मग ऑटोफोकस दिला, तसं बरं चाललं.

काकांना सगळं खरं सांगितलं, की ही एका ॲपर्चरवरच चालणार. ते म्हणाले मी तरी कुठे बंद करत होतो, आयएसओ शंभरचा रोल असायचा, उजेड पुरायचाच नाही. घेऊन आलो. पैसे घेतले नाहीत, पहिला चांगला फोटो मोठा प्रिंट करून द्यायचा असं ठरलंय.

पडवी दादा, एक शंका. कार्डाचं भोक असलेली रिंग लावली की वरून हुड बसतो का? या लेन्सचा हुड पुढे सरकणारा आहे, आतूनच.

पडवीतला_प्रयोग

बसतो, उलट चांगलं. फिल्टरच्या आट्यात रिंग, मग हुड पुढे ओढ. फक्त कार्डाची लेन्सकडची बाजू मॅट काळी पाहिजे, चकचकीत असेल तर समोरच्या काचेतून परत आलेला उजेड त्यावर आपटून फोटो धुरकट होतो. काळा पोस्टर कलर मार दोन हात आणि पूर्ण वाळू दे, ओला लावू नको, काचेवर वाफ धरते. तो थांबत थांबत फोकस होतो त्याला फार उपाय नाही, जुन्या मोटरला बारीक बारीक पावलं टाकायची सवय नसते. फोकस एरिया लहान ठेव आणि पक्षी येणार तिथलं अंतर आधीच लावून ठेव.

वसई_लोकल

मध्येच घुसतो, माफ करा. माझ्याकडे पण असाच घरातला जुना टॅमरॉन झूम आहे ईएफचा, फिल्मचाच, २८-२०० लिहिलंय. कॅननचा आर५० घेतोय. त्याला पण हाच रोग असतो का?

जुना_रोल

हा रोग मुख्यतः त्या काळच्या सिग्माचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण नावावरून ठरवू नका. लावा, एफ/११ ठेवा, बटण दाबा. झूमच्या दोन्ही टोकांना करा. एरर नाही आला तर प्रश्न मिटला. आला तर मात्र पडवीचं कार्ड तुमच्या उपयोगाचं नाही, २८ ला कोपरे जातील, आणि झूम केलं की त्याच भोकाचा एफ नंबर बदलत राहणार. अशा झूमला उघडं वापरताना अजून एक लफडं आहे, २८ ला सगळ्यात उघडा जो नंबर तो २०० ला नसतो, त्यामुळे ॲपर्चरचं चाक उजेडाच्या बाजूला जिथपर्यंत जातं तिथे नेऊन ठेवायचं आणि झूम आत-बाहेर केल्यावर दर वेळी एकदा नजर टाकायची. २०० वरून २८ ला परत आलात आणि नंबर तिकडचाच राहिला तर तो आता एक स्टॉप बंद धरला जातो, मग एरर.

आर५० विकत घेतानाच दुकानात लेन्स सोबत न्या. फोटो काढून बघू देत नसतील तर दुसरं दुकान.